शेवटच्या पंगतीची कारभारीण

झुंबरअक्कानं 'मंत्री' हा शब्द बोर्डिंगच्या उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिला नाही.

शाहूपुरीच्या मागच्या गल्लीत मुलींची शाळा, आणि शाळेच्या पाठीला पाठ लावून मुलींचं बोर्डिंग. शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिकाबाई, कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि आल्या आल्या त्यांनी वर्गावर्गात मंत्रिमंडळ काढलं. मुलींनी मतं टाकायची, मुख्यमंत्री निवडायची, मग आरोग्यमंत्री, सहलमंत्री, पाणीमंत्री. छातीला पुठ्ठ्याचे बिल्ले लावून शपथा घ्यायच्या. आरोग्यमंत्र्याच्या स्वतःच्याच डोक्यात उवा निघाल्या म्हणून पहिलं सरकार पडलं. तरी बाईंचा हुरूप कमी झाला नाही. पोरींच्या अंगात पुढारपण आलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. बोर्डिंगातही असंच काहीतरी करा, म्हणून त्या अक्काला सांगायला आल्या, तेव्हा अक्का परातीत पीठ मळत बसली होती.

"मंत्री नगं बाई," ती म्हणाली. "मंत्री म्हटलं की हार येतो, गाडी येती, समदं येतं आन काम तेवढं येत न्हाई. हितं आपण कारभारीण करू या."

"कारभारीण म्हणजे नक्की कोण?"

"घरात जी शेवटाला जेवती ती."

बाईंना ते फार आवडलं. पुढं कितीतरी भाषणांत त्यांनी ते वाक्य वापरलं.

ही नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट. तेव्हापासून बोर्डिंगात दर महिन्याला कारभारीण निवडली जायची. शनिवारी संध्याकाळी जाजमावर सभा बसायची. हात वर करून मतं. अक्का दाराशी पाटावर बसायची, पण हात वर करायची नाही. "मला हात न्हाई, मी पगारी माणूस," म्हणायची. सभेत ठरेल तो नेम, आणि एकदा झालेला नेम अक्कानंसुद्धा मोडायचा नाही, हा तिचाच दंडक. पाण्याच्या पाळ्या, भांडणाचे निवाडे, दिवा कधी मालवायचा, आजारी पोरीजवळ कोण झोपायचं, सगळं पोरी ठरवायच्या.

आणि जेवणाचं तर देवळातल्यासारखं. कारभारणीनं सगळ्या पंगतीला वाढायचं. वाढून झालं की मधोमध उभं राहून मोठ्यानं विचारायचं, "सगळ्या जेवल्या काय?" पोरी एका सुरात ओरडायच्या, "जेवल्या!" मगच तिनं आपलं ताट घ्यायचं. एखादी म्हणाली, "मी न्हाई, मला कमी पडलं," तर कारभारणीनं आपल्यातली भाकरी द्यायची.

"कारभारीण हुयाचं म्हंजे उपाशी मरायचं," आजऱ्याची पूर्णिमा म्हणायची. "त्यापरीस मी विरोधी पक्षातच बरी. पोट तरी भरतंय."

"तुझं पोट सत्तेवर येऊनबी भरायचं न्हाई," अक्का म्हणायची, आणि सगळ्या खिदळायच्या.

अक्का स्वतःही आजऱ्याच्या बाजूचीच. सातवी झालेली. तेरा-चौदाव्या वर्षी लग्न, मूल झालं नाही, नवऱ्यानं दुसरी केली. दुसरीच्या बाळंतपणाला हिनंच पाणी तापवावं असं सासूनं म्हटलं. हिनं ते तापवलंही. बाळ-बाळंतीण घरात नीट निजल्यावर दुसऱ्या दिवशी अंगावरच्या लुगड्यानिशी कोल्हापूरची गाडी धरली. बोर्डिंगात आधी भाकरी करायला लागली, मग पोरींच्या केसांत फणी घालता घालता कधी गृहमाता झाली ते कुणालाच सांगता यायचं नाही. सांगायची म्हणून ती आपल्या लग्नातली एकच गोष्ट सांगायची. "माझ्या मामानं मला हाताला धरून मांडवात आणलंतं. कानात म्हणला, भिऊ नगंस, मी मागं उभा हाय. बाकी समदं ईसरलो मी, मामा ईसरलो न्हाई."

नेसरीकडची दानेश्वरी पाचवीत आली ती एक पत्र्याची पेटी आणि तोंडभर कानडी घेऊन. पहिल्या दिवशी जेवताना ठसका लागला तर "नीर, नीर" करत राहिली, आणि पोरी नुसत्या हसत राहिल्या. अक्कानं पाणी दिलं. दानू पाणी प्यायली, तोंड पुसलं, आणि हसणाऱ्या पोरींची एकेक उष्टी ताटली उचलून मोरीवर नेऊन ठेवली. रागानं नाही. तिच्या घरी जेवणं झाली की ताटं तीच उचलायची, एवढंच.

सातवीत ती पहिल्यांदा कारभारीण झाली. मग पोरी दुसरीला निवडेनात. दानूच्या राज्यात भांडण आलं की दोघींना ती एकाच बादलीवर पाठवायची. "आधी ही भरून आणा, मग बोला काय ते." बादली दोघींनी धरून आणेपर्यंत निम्मं भांडण वाटेतच सांडलेलं असायचं. पुढं दानू दहावीत असताना सहावीतली एक पोर अंथरूण ओलं करायची. दानू सगळ्यांच्या आधी उठून तिची वाकळ धुवून वाळत टाकायची आणि विचारलं की सांगायची, "माझ्या हातनं तांब्या लवंडला." किती तांबे लवंडले त्या वर्षी!

मोठ्या बाई एकदा कौतुकानं म्हणाल्या, "दानेश्वरी, तू कलेक्टर व्हायचं."

"न्हाई बाई, मी तलाठी हुणार."

"अगं, मोठं काहीतरी म्हण की!"

"कलेक्टर मी बघितला न्हाई. तलाठी बघितलाय. तलाठी आला की आमचा बा खाटंवरनं उठून बसतोय."

बाई हसल्या. पण पोर खरंच बोलत होती. तिच्या बापाच्या, अण्णासोच्या, अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं. तो दुसऱ्या कुणासाठी उठत नव्हता. तलाठी व्हायला निदान दहावी पाहिजे, मग पुढचं शिक्षण पाहिजे, हे दानूनं कुणाकुणाला विचारून काढलेलं. "दहावी झाली की मला कोण अडीवतोय," ती पूर्णिमाला म्हणायची.

दानू नववीत असताना बोर्डिंगात एक प्रकार झाला. आठवीतल्या एका पोरीला कुणी 'काका' म्हणून येऊन घेऊन गेला. तो काका नव्हता, स्थळं जुळवणारा गावातला माणूस होता. पोरीला परस्पर कुठंतरी दाखवून संध्याकाळी परत आणून सोडलं. ती रडून रडून सुजली होती. त्या शनिवारी सभा पेटली. पोरींनी ठराव आणला की इथून पुढं मुलीला न्यायचं तर आई, बाप नाहीतर सख्खा भाऊ. चौथ्या माणसाच्या हाती मुलगी द्यायची नाही.

दानू उभी राहिली. "माझा बा अंथरुणावर हाय. अव्वाला एकटीला एसटीनं येता येत न्हाई. भाऊ अमरेश अजून चौथीत हाय. मग मी दिवाळीला हितंच बसू व्हय? मामा पायजे ठरावात. मामा म्हंजे आईचाच भाऊ की."

खाली बसलेली सौंदर्या, सहावीतली, तीही सीमेकडचीच, तोंडावर हात धरून खुसकन हसली. शेजारणीनं कोपर मारलं तरी हसतच राहिली.

"ए सौंदर्ये!" दाराशी बसलेली अक्का कडाडली. "सभंत दात काढायचं न्हाईत. हितं कुणाच्या अब्रूचा सवाल चाललाय, आन हिला हसू येतंय."

सौंदर्या गप्प झाली. तिला कुणी विचारलं नाही की बाई गं, तू हसलीस का.

"मामा घाला," अक्का म्हणाली. "मामाइतका भरवशाचा माणूस दुसरा कोण आसतोय?" एरवी ती सभेत मत देत नसे. तिच्या तोंडून एवढं निघालं म्हटल्यावर सगळे हात वर गेले. आई, बाप, सख्खा भाऊ आणि मामा. नेम झाला.

दानूचा मामा शशिधर सगळ्या बोर्डिंगाच्या ओळखीचा होता. असेल सत्तावीस-अठ्ठावीसचा. आला की शेंगांची पिशवी आणायचा, गेटवरच्या केरबाबरोबर तंबाखू मळायचा आणि लांबूनच हाक मारायचा, "ए दांडगे, चल, गाडी सुटंल!" दानू दहावीत गेली त्या वर्षी दिवाळी होऊन गेल्यावर, एका रविवारी दुपारी, तो आला. पंगत बसली होती. त्या महिन्याला दानूच कारभारीण होती. हातात आमटीचा ओगराळा.

केरबा आत येऊन म्हणाला, "अक्का, नेसरीचं पावणं आल्यात. पर आज काय बोलंनात बाबा. तंबाखूबी नगं म्हणत्यात."

शशिधर दारात उभा होता. अंगात नवा शर्ट, हात रिकामे. "अज्जी लई आजारी हाय," तो अक्काला म्हणाला. "तिला न्ह्यायला आलोय."

'तिला' म्हणाला. दांडगी म्हणाला नाही. अक्काच्या मनात कुठंतरी टोचलं. एवढ्या वर्षांत हा माणूस कधी असा चपलांकडं बघत बोलला नव्हता.

"उद्या सकाळी न्या की. मोठ्या बाईबी गावाला गेल्यात."

"न्हाई, आजच पायजे. अज्जीनं आठवण काढलीया."

"अक्का, मामा हाय न्हवं? मग नेम हाय की," पंगतीतून पूर्णिमा म्हणाली. दानूची बाजू घेतल्यासारखं तिला वाटलं होतं.

अक्का दानूकडं वळली. "जायाचं हाय का तुला?"

"जाऊन येतो अक्का. अज्जी माझ्यासाठी वाट बघत आसंल. दोन दिसांत येतो, बीजगणिताची चाचणी हाय." ओगराळा पूर्णिमाच्या हातात देत ती मधोमध उभी राहिली. पिशवी भरायची घाई होती तरी तिनं विचारलंच, "सगळ्या जेवल्या काय?"

"जेवल्या!"

"तू दोन घास खाऊन जा," अक्का म्हणाली.

"गाडी चुकंल," शशिधर म्हणाला.

दानूचं ताट वाढलेलं होतं. दोन भाकरी, आमटी, खरडा. तिनं त्यावर दुसरं ताट पालथं घातलं. "आल्यावर खातो," असं हसत म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी अक्का स्वयंपाकघरात आली तेव्हा ते ताट तसंच होतं आणि त्याच्यासमोर सौंदर्या बसली होती.

"हितं काय करतीस गं?"

"अक्का, दानूताई येणार न्हाई."

"का? अज्जी लईच खाली हाय काय?"

"अज्जीला काय झालं न्हाई. लगीन हाय तिचं."

"कुणासंगं?"

सौंदर्यानं अशा नजरेनं बघितलं, जसं काही अक्काच तिला फसवत होती. "मामासंगं की. आमच्याकडं मामालाच देत्यात. माझी थोरली अक्काबी मामालाच दिलीया. दिवाळीत दानूताईच्या गावातनं माझी मावशी आलती, तीच सांगत हुती."

अक्का खाली बसली. नेसरी तिच्या माहेरापासून लांब नव्हतं. लिंगायतांत, कानडी मुलखात, भाची मामाला देतात हे तिनं आयुष्यभर ऐकलं होतं. पण सभेत 'मामा' म्हटलं तेव्हा तिच्या डोळ्यांपुढं तिचाच मामा उभा राहिला. मांडवात मागं उभा राहणारा.

"मग त्या दिशी सभंत का बोलली न्हाईस बाळ?"

"तुमीच म्हणला, सभंत दात काढायचं न्हाईत."

सकाळच्या पहिल्या गाडीनं अक्का निघाली. नेसरीपर्यंत एसटी, पुढं वस्तीपर्यंत चालत. लांबूनच मांडव दिसला. फार मोठा नव्हता. घरातल्या घरात सोयरीक, त्यामुळं पाव्हण्यांचीही दाटी नव्हती. सोप्यात अण्णासो खाटेवर पडून होता. कुणीतरी त्याला नवा पटका बांधला होता आणि तो एका डोळ्यावर घसरला होता.

दानूची आई रत्नव्वा अक्काला बघून गडबडली, पण उंबऱ्यात आलेल्याला हाकलायची रीत नव्हती. "बर्री, कुंद्री," या, बसा म्हणून तिनं घोंगडं टाकलं, पाण्याचा तांब्या पुढं केला.

अक्का बसली नाही. "रत्नव्वा, पोरगी पंधराची हाय. चार महिन्यांवर तिची परीक्षा हाय. खोटं सांगून न्हेलीसा."

"खरं सांगितलं आसतं तर तुमी सोडली आसती व्हय?"



रत्नव्वा चिडली नाही. शेजारणीला समजावून सांगावं तशी बोलत राहिली. "माझ्या नवऱ्याचं असं झालंय. उद्या दीर म्हणतील तिकडं पोरगी द्यावी लागंल. कोण दारुडा मिळंल, कोण हाणणारा मिळंल. ह्यो माझा पाठचा भाऊ हाय. आंगठा धरून वाढवलाय मी त्येला. सासू म्हणाल तर तिची सख्खी अज्जी. तिच्या ताटातलं कोण काढून घेणार हाय? तुमीच सांगा अक्का, ह्यापरीस बरं घर तुमाला मिळालंतं का?"

अक्काला आपली सासू आठवली. पाणी तापव म्हणणारी. 

शशिधर मांडवाच्या मेढीला टेकून उभा होता. कपाळाला विभूती. अक्का त्याच्यापुढं गेली. "मामा म्हणून सोडली बाबा तुझ्याबरोबर."

"मला तरी कुणी इचारलंय व्हय?" तो खाली बघत म्हणाला. "ती जलमली तवापास्नं सगळी मला म्हणत्यात, तुझी बायकू आली, तुझी बायकू आली. मी चेष्टाच समजत हुतो. तीबी." मग म्हणाला, "परीक्षेला मी सोता घेऊन येतो अक्का. शब्द देतो."

दानूला आतल्या खोलीत बसवलं होतं. हळदीनं पिवळी, कोपरापर्यंत हिरवा चुडा. भोवती चार बायका. अक्का दारात उभी राहिली. तिला ठाऊक असलेला एकच मार्ग तिनं धरला.

"दानू, सगळ्यांदेखत इचारतो. माझ्यासंगं यायाचं आसलं तर हात वर कर. तू हात वर केलास तर कोण अडीवतंय बघतो मी."

 दानूनं आईकडं बघितलं. सोप्यातल्या खाटेकडं बघितलं. दाराआड उभ्या असलेल्या अमरेशकडं बघितलं. पंगतीत कुणाचं ताट रिकामं आहे हे वाढण्याआधी हेरायची तशीच नजर तिनं घरभर फिरवली, आणि चुड्याचे हात मांडीवरच ठेवले.

"अक्का," ती म्हणाली, "माझ्या जागी कारभारीण कोण केलीसा?"

"आजून कुणी न्हाई."

"पूर्णिमाला करा. तोंडाची फाटकी हाय, पर वाढताना हात सैल हाय तिचा. आन त्या सहावीतल्या पोरीला रात्री एकदा उठवायचं, तेवढं तिला सांगा. कुणाला कळू द्यायचं न्हाई म्हणावं."

त्यानंतर बायकांनी अक्काला बाजूला केलं, कारण मुहूर्त जवळ आला होता. अक्षता टाकायला ती थांबली नाही. गावाबाहेर आली तेव्हा मागं वाजंत्री सुरू झाली होती.

मोठ्या बाई फार संतापल्या. जिथं जिथं जाता येईल तिथं त्या गेल्या. सगळीकडून एकच ऐकून आल्या, की घरातल्या घरात झालंय, आणि मुलीची काही तक्रार नाही. मग त्याही थकल्या. दानूची पेटी आणि गादी मात्र पोरींनी हलवू दिली नाही. ठरावच केला की परीक्षा होईपर्यंत तिची जागा कुणाला द्यायची नाही. पूर्णिमा कारभारीण झाली. रोज रात्री सहावीतल्या पोरीला उठवायची आणि दिवसा कुणालाही कळू द्यायची नाही. विरोधी पक्षातली ती पोरगी एकाएकी पोक्त झाली.

मार्च उजाडला. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी केरबा गेट सोडून कोपऱ्यापर्यंत जाऊन उभा राहिला. दुपारी शशिधर आला. एकटाच. ह्या वेळी त्याच्या हातात शेंगांची पिशवी होती.

"तिला दिवस गेल्यात," तो गेटाबाहेरूनच म्हणाला. "अज्जी म्हणती, एसटीचं धक्कं नगंत. मी शब्द दिलता, म्हणून तोंड दावाय आलोय."

अक्कानं त्याला आत बोलावलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "बरी हाय का?"

"बरी हाय की! लई शानी हाय अक्का. तुमचं वळण. घरातल्या समद्यांस्नी वाढून झाल्याबिगर ताटावर बसत न्हाई. अज्जी म्हणती, चार घरं हुडकली आसती तरी अशी सून मिळाली नसती. गडीमाणसं, पावणंरावळं, जनावरं, समद्यांचं झाल्यावर मग ही. कवा कवा ऱ्हातबी न्हाई भाकरी. तरी हूं न्हाई का चूं न्हाई."

तो ते मनापासून कौतुकानं सांगत होता. अक्का गेटाची दांडी धरून उभी राहिली. त्यानं पिशवी पुढं केली ती तिनं घेतली, आणि आत येऊन शेंगा पोरींच्यात वाटून टाकल्या. स्वतः एकही खाल्ली नाही. त्या दिवसानंतर तिनं मोठ्या बाईंच्या भाषणाला बसणंच सोडलं. 'शेवटाला जेवती ती कारभारीण' हे वाक्य तिला ऐकवेना.

परीक्षा संपल्या त्या शनिवारी सभेत ती पाटावरून उठून जाजमावर येऊन बसली.

"आज माझा एक ठराव हाय," म्हणाली. "कारभारणीनं शेवटाला जेवायचं, ह्यो नेम काढून टाका. तिनं पयल्या पंगतीला बसायचं. पोटभर जेवायचं. मग कारभार."

पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या.

"का पण अक्का?" पूर्णिमानं विचारलं. ती त्या दिवशी अध्यक्ष होती.

अक्काला सांगता येईना. नेसरीच्या त्या खोलीत दानूची नजर घरभर कशी फिरली आणि स्वतःवर कशी आलीच नाही, हे तिला दिसत होतं. ती नजर तिनंच पाच वर्षं घासून पुसून लख्ख केली होती. पण हे पंधरा वर्षांच्या पोरींना कोणत्या शब्दांत सांगायचं? ती म्हणाली, "शेवटाला बसायची सवय लागती गं. मग उठवत न्हाई."

"पर अक्का, ह्यो दानूचा नेम हाय," पूर्णिमा म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "तिनं एक दीस मोडला न्हाई. जाताना सुदीक उपाशी गेली. आन आता ती न्हाई म्हणून आमी मोडायचा व्हय?"

"न्हाई मोडायचा!" दोन-तीन पोरी ओरडल्या.

मतं घेतली. अक्कानं आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला. तिच्याबरोबर अजून एकच हात वर होता, सौंदर्याचा. बाकी सगळ्या पोरी, काही रडत, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

ठराव पडला. सभेत झालेला नेम अक्कानंसुद्धा मोडायचा नाही. तिनं मोडला नाही.

वर्षं गेली. पूर्णिमा नर्स होऊन साताऱ्याकडं गेली. मोठ्या बाई निवृत्त झाल्या. केरबा वारला. अक्काचे गुडघे गेले, तेव्हा संस्थेनं नवी गृहमाता नेमली आणि अक्काला स्वयंपाकघरालगतची कोपऱ्यातली खोली दिली. दर शनिवारी सभेचा गलका तिच्या खोलीपर्यंत यायचा. रोज दोन वेळा पंगतीचा आवाजही यायचा, "सगळ्या जेवल्या काय?" आणि "जेवल्या!" ते ऐकून झाल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

दोन हजार सात साली, श्रावणातल्या एका दुपारी, बोर्डिंगाच्या दाराशी एक भाड्याची वडाप जीप थांबली. आठ-दहा बायका उतरल्या. नेसरीकडचा बचत गट, अंबाबाईच्या दर्शनाला आलेला. त्यांच्या पुढं एक वाळकी, उंच बाई होती. काठापदराचं लुगडं, केसांत अवेळी पांढरं. ती दारात थांबली आणि आत बघत राहिली.

"अक्का हायत का?"

खोलीतून अक्कानं आवाज ओळखला. भिंत धरत ती बाहेर आली. दानू वाकून पाया पडली. कोणी काही बोलायच्या आधी बायकाच बोलायला लागल्या.

"आमच्या दानव्वाबिगर गटाचं पान हालत न्हाई बघा!"

"कुणाची भांडणं असू द्यात, दोघींस्नी एका बादलीवर धाडती."

"आन गाडीत समद्यांस्नी जागा दिली, आन सवता हुबी ऱ्हाऊन आली!"

दानू हसली. तिला दोन मुली आणि एक मुलगा होता. बाप गेला होता. अज्जी अजून होती, खाटेवर. मामा चांगला होता, कधी हात उचलला नाही, हे तिनं आपणहून सांगितलं.

"आन तलाठी?" अक्कानं विचारलं.

"येतोय की गावात. गावची सभा आमच्याच सोप्यात बसती. च्या मीच करतो त्येला." ती हसायला गेली. ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

पंगतीची वेळ झाली होती. पोरींनी पाव्हण्या बायकांना आधी बसवलं. त्यांची जेवणं झाली, हात धुतले. मग पोरींची पंगत बसली. दानूनं न सांगताच पदर खोचून दुरडी उचलली होती. बायकांना वाढलं तिनंच, आता पोरींना वाढायला वळली. अक्का गुडघे ओढत आली आणि तिचं मनगट धरलं.

"बस."

"ह्यांचं होऊ दे अक्का. सवय हाय मला."

"बस म्हणतो न्हवं."

अक्कानं तिला पंगतीच्या टोकाला, पाटावर बसवलं. स्वतःच्या हातानं ताट वाढलं. दोन भाकरी, आमटी, खरडा. आठवीतली एक पोरगी त्या महिन्याची कारभारीण होती. ती गोंधळून म्हणाली, "अक्का, अजून कुणालाच वाढलेलं न्हाई. नेम..."

अक्कानं तिच्याकडं नुसतं बघितलं. पोरीला काय कळलं कोण जाणे, ती ओगराळा घेऊन खाली बसली.

दानूनं भाकरी मोडली, आमटीत बुडवली. घास ओठांपर्यंत गेला आणि थांबला. तिची नजर वर उठली, पंगतभर फिरली. रिकाम्या ताटल्या, रिकाम्या वाट्या, तिच्याकडं बघणारी एवढी तोंडं. हात खाली आला.

"सगळ्या जेवल्या काय?" ती हळूच म्हणाली. कुणाला विचारावं म्हणून नाही. तोंडून निघालं.

पोरींनी एकमेकींकडं बघितलं. कुणाच्याच ताटात शीत नव्हतं. मग ती आठवीतली कारभारीण उभी राहिली, ओगराळा हातात तसाच, आणि मोठ्यानं म्हणाली, "जेवल्या!"

"जेवल्या!" सगळी पंगत ओरडली.

दानूनं मान खाली घातली आणि घास तोंडात घेतला. चावताना तिचे खांदे हलत होते. अक्का शेजारी बसून तिचं मनगट धरून राहिली. रिकाम्या ताटांपुढं बसलेल्या पोरी ती जेवेपर्यंत हलल्या नाहीत.